कानाच्या टोकावरची खूण

वाचकहो, या सदरात आपण सहसा रक्तदाब, साखर, गुडघे आणि झोप यांविषयी बोलतो. आजचा विषय मांजरांचा आहे. तो आरोग्याच्या पाक्षिकात कसा आला, हे सांगण्यासाठी मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

चिंचणीत माझ्या दवाखान्यापासून जवळच एक आजी राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, वीस वर्षांचा मधुमेह, यजमान जाऊन बराच काळ लोटलेला. मुलगी मुंबईत. (ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.) आईला सोबत हवी म्हणून मुलीने आपल्या सोसायटीच्या आवारातली एक माणसाळलेली मांजरी आणून दिली. कबरी, शांत, डाव्या कानाचे टोक नसलेली. आजींच्या मागील दारी सुकटीच्या वासाने येणारी आणखी चार-पाच मांजरे होतीच. त्यांत ही एक मिसळून गेली.

एका संध्याकाळी शेजारचे गृहस्थ दुसऱ्याच कामासाठी आले असताना जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, आजींच्या मांजरीचा कान सडून गळून पडलाय. आमची नातवंडं तिथंच खेळतात. काही लागण होणार नाही ना?" बाहेर दहा-बारा रुग्ण बसलेले. मी औषधाच्या चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणालो, "त्वचारोग असेल. लांब ठेवलेलं बरं."

एवढेच माझे शब्द. तिसऱ्या दिवशी ती मांजरी गोणीत भरून खाडीपलीकडे सोडण्यात आली. "डॉक्टरांनीच सांगितलंय," असे आजींना सांगितले गेले.

आठवड्याने आजींना घाम फुटलेल्या, अर्धवट भानावर असलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. साखर फार खाली गेली होती. गोळी वेळेवर घेतलेली, पोटात मात्र अन्न नाही. साखर वर आल्यावर, न जेवण्याचे कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला वाढल्याशिवाय मी कधी जेवले नाही, डॉक्टर. आता वाढू कुणाला?"

मुलगी मुंबईहून आली. तिने शांतपणे मला सांगितले की तो कान सडलेला नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळी पशुवैद्यांनी खूण म्हणून त्याचे टोक कापले होते. दोन संध्याकाळ आम्ही खाडीपलीकडे वस्त्यांतून, मासळी सुकवण्याच्या जागांतून हिंडलो. मांजरी सापडली नाही.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाची माहिती नीट करून घेतली. ती आज आपल्यापुढे ठेवत आहे.

खूण कशाची?

मांजरीची गर्भावस्था सुमारे दोन महिन्यांची असते. चार-पाच महिन्यांची पिल्लू-मांजरीही गाभण राहू शकते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहते. खाणे मिळणाऱ्या जागी एका मांजरीपासून दोन वर्षांत वस्ती कशी उभी राहते, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगायला नको. मग तक्रारी होतात, विष घातले जाते, पिल्ले गोणीत भरून बाजारात किंवा दुसऱ्या गावात टाकली जातात.

मारणे वा हाकलणे या उपायाने प्रश्न सुटत नाही, असा जगभरचा अनुभव आहे. अन्न आणि आडोसा तिथेच राहतो, म्हणून रिकामी झालेली जागा काही महिन्यांत दुसरी मांजरे घेतात, आणि ती निर्बीजीकरण न झालेली असतात. म्हणून पकडणे, शस्त्रक्रिया करणे, रेबीजची लस देणे आणि त्याच जागी परत सोडणे, ही पद्धत रूढ झाली. शस्त्रक्रिया झालेली मांजरे आपली जागा धरून राहतात, पिल्ले होत नाहीत, बोक्यांची रात्रीची भांडणे आणि मूत्राची उग्र दुर्गंधी कमी होते, आणि संख्या हळूहळू उतरते. अशी मोजलेली, शस्त्रक्रिया झालेली आणि कोणीतरी नियमाने खाऊ घालणारी वस्ती म्हणजे सांभाळलेली वस्ती.

इटलीने १९९१ साली केलेल्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने मोकाट मांजरांना असे संरक्षण दिले. ज्या परिसरात जूलियस सीझरची हत्या झाली, त्या रोममधील तोर्रे अर्जेंतीनाच्या अवशेषांत आज अशीच सांभाळलेली मांजरे राहतात. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण हाती घेतले. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्म नियंत्रण नियम नव्याने लागू केले. वस्तीत जन्मलेल्या, मालक नसलेल्या प्राण्याला त्यांत 'भटका' न म्हणता सामुदायिक प्राणी मानले आहे. म्हणजे तो कोणा एकाचा नसतो, आणि म्हणूनच सगळ्यांच्या जबाबदारीचा असतो.

आता प्रश्न असा की शस्त्रक्रिया झालेली मांजर दुरून ओळखायची कशी? गळ्यातला पट्टा फांदीत अडकून फास बसतो. टाक्याची जागा केसांनी झाकली जाते. त्वचेखालची चिप यंत्राशिवाय दिसत नाही. म्हणून भुलीच्या अंमलाखाली असतानाच कानाचे टोक, बहुधा डाव्या कानाचे, सुमारे एक सेंटीमीटर सरळ कापतात. जखम लवकर भरते, ऐकण्यावर परिणाम होत नाही. रानटी मांजर पुन्हा पिंजऱ्यात सापडली तर ती खूण पाहूनच तिला सोडून देता येते. एरवी तिचे पोट दुसऱ्यांदा उघडण्याची वेळ येऊ शकते.

खूण की आजार?

जी चूक मी केली ती आपल्याकडून होऊ नये, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्या पाहण्यासाठी मांजराला हात लावण्याची गरज नाही. ती खात असताना चार-पाच हातांवरून पाहावे. नजर अधू असेल तर नातवंडाला मोबाइलवर छायाचित्र काढायला सांगून मोठे करून पाहावे.

पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेची खूण. कानाचा वरचा टोकदार भाग नसतो, कड सरळ रेषेत असते, त्वचा सुकी आणि केस नेहमीसारखे असतात. कान वरून पट्टीने कापल्यासारखा दिसतो.

दुसरी, भांडणाची जखम. बोक्यांचे कान कडेला फाटलेले, दातेरी, वेडेवाकडे असतात. बहुधा दोन्ही कानांवर आणि तोंडावर ओरखडे दिसतात.

तिसरी, खरूज. ही बहुधा कानाच्या कडेपासूनच सुरू होते. खपल्या धरतात, केस जातात, त्वचा जाड आणि राखाडी दिसते, मांजर सतत खाजवते. ही माणसालाही तात्पुरती खाज आणू शकते. पशुवैद्य औषधाने ती बरी करतात.

चौथी, पांढऱ्या कानाच्या मांजरातील न भरणारा व्रण. कडक उन्हात वर्षानुवर्षे बसणाऱ्या पांढऱ्या मांजरांच्या कानाच्या टोकाला कर्करोग होऊ शकतो. महिनाभर न भरणारी, रक्त येणारी जखम दिसली तर पशुवैद्यांना दाखवावे. हा रोग माणसाला लागत नाही.

कानाबरोबर वागणेही पाहावे. शेपटी उभी करून जवळ येणारी, नजरेला नजर देणारी, म्यांव करून बोलणारी मांजर माणसाळलेली असते. ती घरातून हरवलेली किंवा कोणी सोडून दिलेली असू शकते. अशा मांजरीचा कान पुरा असेल तर आधी आसपास चौकशी करावी. जमिनीसरशी वाकून चालणारी, आडोशातूनच पाहणारी, आपण पाठ फिरवल्याखेरीज अन्नाला तोंड न लावणारी मांजर रानटी समजावी. पिल्लांना साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर ती सहज माणसाळतात. तो काळ उलटला की बहुतेक रानटीच राहतात. अशा मोठ्या मांजरीला घरात कोंडून 'माया लावणे' ही तिच्यासाठी शिक्षा असते. तिचे संरक्षण तिच्या जागेवरच करायचे असते.

आणि हेही लक्षात ठेवावे की गोणीत भरून दूर सोडलेली मांजर बहुधा सुखाने दुसरीकडे रुजत नाही. ती परतीचा रस्ता शोधते, तिथल्या मांजरांकडून मारली जाते, वाहनाखाली येते. विषप्रयोग तर गुन्हाच आहे. प्राण्याला विष घालणे, मारणे वा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

आपल्या हाताने नकळत होणारे अपाय

मांजरांवर माया करणाऱ्या ज्येष्ठांच्या हातूनच काही अपघात होतात. वैद्यकीय दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ताप आला असे वाटून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी, अगदी अर्धीसुद्धा, कधीही देऊ नये. आपले यकृत ज्या मार्गाने या औषधाचा निचरा करते, तो मार्ग मांजरात फारच दुबळा असतो. रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, तोंड सुजते, आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. गुडघेदुखीच्या आपल्या गोळ्याही तशाच घातक. आजीच्या उशाखालची गोळ्यांची पिशवी मांजरापासूनही जपून ठेवावी.

काळे फिनेल, डांबराच्या गोळ्या आणि कुत्र्यांसाठीची काही गोचीडनाशके मांजरांना विषारी असतात. अंगण फिनेलने पुसले की मांजर त्यावरून चालते, पंजे चाटते आणि विष पोटात जाते. अंगणासाठी साबणाचे पाणी पुरेसे आहे.

दूध हे मांजराचे अन्न, ही आपली जुनी समजूत. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. नुसता दूधभातही नको. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो दीर्घकाळ न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. खारवलेली सुकट आणि बोंबील रोजचे अन्न म्हणून नको, त्यात मीठ फार असते. बिनमिठाची उकडलेली मासळी काटे काढून, थोड्या भातात कालवून द्यावी आणि शेजारी स्वच्छ पाणी ठेवावे.

ओरखडा आणि चावा

आता आपल्या जिवाविषयी. कान कापलेला आहे म्हणून मांजर रेबीजमुक्त आहे, असे मानू नये. शस्त्रक्रियेच्या वेळी लस दिलेली असते, पण ती पुढे वेळेवर पुन्हा द्यावी लागते आणि रानटी मांजराला ती दर वेळी मिळतेच असे नाही. ती खूण निर्बीजीकरणाची आहे. आपल्या सुरक्षिततेची हमी ती देत नाही.

म्हणून मांजर चावली किंवा तिने ओरबाडले, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, मिरची, रॉकेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. त्वचेत दिल्यास ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, स्नायूत दिल्यास १४ व्या दिवसाचाही डोस असतो. रक्त येणारा ओरखडा किंवा चावा असेल तर लशीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. "पाहू दोन दिवस" हे वाक्य इथे नको. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नाहीच. चावणारे मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिले तर पुढचे डोस कसे द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. यासाठीही मांजरांची ओळख आणि त्यांची जागा ठाऊक असणे उपयोगी पडते. पळवून लावलेल्या मांजरावर नजर कशी ठेवणार?

मांजराचे दात सुईसारखे असतात. बाहेरून टिंब दिसते, पण जंतू खोल सांध्यापर्यंत जातात. चावलेला हात चोवीस तासांत सुजू शकतो. मधुमेही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, स्टेरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले, यांनी चावा किरकोळ समजू नये. ओरखड्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काखेत गाठ येऊन ताप राहिला, तर डॉक्टरांना मांजराचा ओरखडा आठवणीने सांगावा.

घरात गर्भवती सून वा मुलगी असेल तर तिला मांजर हाकलण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठा रोज दुसऱ्या कोणी हातमोजे घालून काढावी, तिने बागेतल्या मातीत उघड्या हाताने काम करू नये, आणि भाज्या धुऊन, मांस शिजवूनच खावे.

वस्ती सांभाळताना

चिंचणीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात मुंबईसारखी यंत्रणा दारात येत नाही. तरीही सुरुवात करता येते. प्रथम मांजरे मोजावीत आणि एका वहीत नोंद करावी : रंग, नर की मादी, कान पुरा की कापलेला, छायाचित्र. एक गंमत सांगतो. काळा, तांबूस आणि पांढरा असे तीन रंग असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. त्यामुळे कबरी दिसली आणि कान पुरा असला की शस्त्रक्रियेच्या यादीत तिचे नाव आधी घालावे. नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा. आपल्या डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र उभे राहू शकले, तर मांजरांसाठी वर्षातून एखादे शिबिर होणे अशक्य नाही. पिंजरा लावण्याचे काम मात्र ज्येष्ठांनी स्वतः करू नये. ते जाणकाराकडे द्यावे.

खाणे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शक्यतो उजेडात द्यावे. अर्ध्या तासाने भांडी उचलावीत, म्हणजे उंदीर, कावळे आणि शेजाऱ्यांचे टोमणे तिन्ही कमी होतात. भांडे जमिनीवर ठेवण्यासाठी खाली वाकून चक्कर येत असेल तर लांब दांड्याचे सूप वापरावे किंवा ओट्यावर ठेवावे. पायांत घोटाळणाऱ्या मांजरीमुळे पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आधी बसावे, मग वाढावे.

आणि काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनो, शेवटची सूचना आपल्यासाठी. आई-वडील रुग्णालयात दाखल झाले की त्यांच्या मांजरांचे काय, हे आजच ठरवून ठेवा. शेजारच्या एका घराला ती वही दाखवा, भांड्याची जागा दाखवा, वेळ सांगा. रुग्णालयातल्या खाटेवर पुष्कळ वृद्धांचा जीव ज्या गोष्टीत अडकलेला असतो, ती आपल्याला क्षुल्लक वाटते म्हणून ते बोलून दाखवत नाहीत. घरी जाण्याची घाई करणाऱ्या, उपचार अर्धे सोडू पाहणाऱ्या रुग्णाला मी आता एक प्रश्न हमखास विचारतो, "घरी कोण वाट पाहतंय?" उत्तर दर वेळी माणसाचे नाव असतेच असे नाही.

आजींच्या मागील दारी आज चार मांजरे आहेत. मुलीने खटपट करून चौघांच्या शस्त्रक्रिया करून घेतल्या, चौघांचेही डावे कान कापलेले आहेत. शेजारच्या गृहस्थांना मी स्वतः जाऊन माझी चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मलाही विचारायला हवं होतं." आजी मुलीकडे गेल्या की आता तेच वाढतात, नातवंडे कान मोजतात.

कबरी परतली नाही. आजी पाचवी वाटी अजून भरून ठेवतात, आणि ती भरल्यावर स्वतः जेवायला बसतात. साखर ठीक आहे. ती वाटी उचलायला मी त्यांना सांगितलेले नाही.